आधी निकाल, मग चौकशी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाची असे ठरले, तेव्हा संपादक समितीतील दोघीजणी माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुम्ही शाळेत इतिहास शिकवीत होता; तेव्हा मंडळाचा इतिहास तुम्हीच लिहा.” मी होकार दिला आणि मंडळाच्या कपाटातील जुन्या वह्या घरी आणविल्या. सभांची इतिवृत्ते, वर्गणीची पुस्तके, हळदीकुंकवाच्या खर्चाचे कागद, बचत गटाच्या कर्जाच्या वह्या असा तो सारा पसारा होता. चार दिवस मी तो चाळीत होते. पाचव्या दिवशी एका वहीतील दोन ओळींवर माझे बोट थांबले. दोन्ही ओळी माझ्याच हस्ताक्षरात होत्या. त्या वाचल्यावर मंडळाचा इतिहास लिहिण्याचा बेत मागे पडला आणि हा लेख लिहावयास मी बसले. त्या ओळी काय होत्या ते शेवटी सांगेन. त्यांनी मला ज्या विषयाकडे नेले, त्याविषयी आधी चार शब्द बोलणे जरूर आहे.

तो विषय म्हणजे पूर्वग्रह. हा शब्द आपण सर्वजणी वापरतो. पण तो नेहमी दुसऱ्याच्या संबंधात वापरतो. “त्यांचा माझ्याविषयी पूर्वग्रह आहे” असे आपण म्हणतो. “माझा त्यांच्याविषयी पूर्वग्रह आहे” असे म्हणणारी भगिनी मला तरी अजून भेटावयाची आहे. शब्दाचा अर्थ पाहिला तर अगदी सरळ आहे. पूर्व म्हणजे आधी आणि ग्रह म्हणजे पकडणे, धरून ठेवणे. माहिती हाती येण्यापूर्वीच मनाने जे घट्ट धरून ठेवले तो पूर्वग्रह. मौज अशी की, पत्रिकेतले ग्रहही याच धातूपासून आलेले आहेत. त्या ग्रहांची शांत करण्यासाठी आपण गुरुजींना बोलावतो. मनातल्या ग्रहांची शांत मात्र राहून जाते. कारण तेथे काही ग्रह बसलेला आहे हेच मुळी आपल्याला मान्य नसते.

पूर्वग्रह आणि अनुभव यांत फरक आहे, तोही ध्यानात ठेवला पाहिजे. एका दुकानातून दोनदा भेसळीचे तेल आले आणि तिसऱ्यांदा आपण दुकान बदलले, तर तो अनुभव. पण तेल न घेताच, केवळ दुकानदार कोणत्या गावचा वा कोणत्या जातीचा हे ऐकून आपण मान हलविली, तर तो पूर्वग्रह. न्यायाची रीत अशी की, आधी चौकशी व्हावी आणि मग निकाल लागावा. पूर्वग्रहात निकाल आधी लागलेला असतो. चौकशी होते ती केवळ त्या निकालाला टेकू देण्यासाठी.

माणसाच्या मनाचा हा दोष फार जुना आहे आणि त्याने केलेली हानी पाहण्यासाठी लांब जावयास नको. आपल्या विदर्भाच्या इतिहासातच त्याची जी उदाहरणे आहेत, त्यांपैकी तीन मी येथे सांगते. तिन्ही स्त्रियांची आहेत.

पहिले बुलढाण्याचे. १८८१ साली सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाला मारल्याचा खटला चालला. न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा दिली. पुढे वरिष्ठ न्यायालयाने ती कमी केली. त्या वेळी विधवेचा पुनर्विवाह कायद्याने मान्य होऊन पंचवीस वर्षे झाली होती. पण उच्च म्हणविणाऱ्या जातींत तो होत नसे. वर्तमानपत्रांतून आणि सभांतून या प्रकरणाचा जो ऊहापोह झाला, त्यात स्त्रियांच्या नीतीचे काय होणार याचीच चिंता फार होती. त्या मुलाला बाप होता की नव्हता, आणि असल्यास तो कोठे गेला, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. तो पडला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना. त्यांनी पुढच्याच वर्षी, १८८२ साली, ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटेसे पुस्तक पुण्यात छापविले. स्त्रियांच्या अंगी म्हणून जे दुर्गुण सांगितले जातात, ते एकेक घेऊन तेच पुरुषांच्या ठायी नाहीत काय, असे त्यांनी रोखठोक विचारले. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली. परंतु टीकाच अधिक झाली असावी, कारण ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. हे पुस्तक पुढे विस्मृतीत गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा महाराष्ट्राला त्याची नव्याने ओळख झाली.

ताराबाईंचे म्हणणे थोडक्यात एवढेच की, तराजू एक असावा. पूर्वग्रहाची पहिली खूण हीच की, त्याच्या घरी दोन मापे असतात आणि ती दोन आहेत हे माप धरणाऱ्याला दिसत नाही.

दुसरे उदाहरण नागपूरचे. आपल्या कोराडीपासून नागपूर पंधरा किलोमीटरच्या आसपास. तेव्हा ही कथा आपल्या अंगणातलीच म्हणावयाची. जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ साली उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. दुष्काळामुळे कुटुंब नागपुरास आले. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. घरची गरिबी अशी की, रेल्वेच्या प्रवाशांचे सामान डोक्यावरून वाहण्याचे काम जाईबाईंना करावे लागे. अशाच एका प्रसंगी एका मिशनरी जोगिणीचे सामान त्यांनी वाहिले. मुलगी हुशार आहे, थोडे लिहू-वाचू शकते, हे त्या बाईंच्या ध्यानात आले आणि त्यांनी तिला मिशनच्या शाळेत दरमहा चार रुपये पगारावर शिक्षिकेची जागा मिळवून दिली. जाईबाई शिकवू लागल्या. पुढे त्यांची जात लोकांना कळली. लोकांनी ओरड केली आणि जाईबाईंची नोकरी गेली.

मी जन्मभर शिक्षिकेचे काम केले, म्हणून या प्रसंगाचा मला विशेष विचार करावासा वाटतो. जात कळण्याच्या आदल्या दिवशी मुले जे अक्षर गिरवीत होती, तेच दुसऱ्या दिवशीही गिरविणार होती. शिकविणारी तीच, पाटी तीच, धडा तोच. बदलली ती केवळ ऐकणाऱ्याच्या कानावर पडलेली एक गोष्ट. शिक्षिका म्हणून परीक्षा जाईबाईंची व्हावयास हवी होती ती वर्गात; झाली ती वर्गाबाहेर, आणि निकाल लागला तो परीक्षा न घेताच.

जाईबाई मात्र घरी बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली. जिला शाळेतून काढले, तिनेच शाळा काढली! त्या शाळेतून शिकून पुढे गेलेल्या मुलींनी किती घरांत दिवा लावला असेल, त्याचा हिशोब कोण ठेवणार?

परंतु मला सांगावयाची आहे ती घटना याहून पुढची. अखिल भारतीय महिला परिषद ही संस्था १९२७ साली पुण्यास स्थापन झाली. मुलींचे शिक्षण, बालविवाहाला बंदी, स्त्रियांचा मताधिकार, वारसाहक्क अशा प्रश्नांवर या परिषदेने फार मोलाचे काम केले, याविषयी वाद नाही. १९३७ च्या डिसेंबरात तिचे अधिवेशन नागपुरास भरले. जाईबाई चौधरी आणि इतर काही दलित भगिनींना त्याचे निमंत्रण होते. त्या गेल्या. भोजनाच्या वेळी त्यांची बसण्याची व्यवस्था इतर स्त्रियांपासून वेगळी केलेली होती.

भगिनींनो, येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. हा अपमान कोणी केला? स्त्रियांवर अन्याय होतो हे ज्यांना पुरते ठाऊक होते, त्याविरुद्ध ज्या व्यासपीठावरून बोलत होत्या, पुरुषांच्या पूर्वग्रहाचे चटके ज्यांनी स्वतः सोसले होते, अशा सुविद्य स्त्रियांच्या मेळाव्यात हे घडले. ती व्यवस्था करणाऱ्या बाया मनाने दुष्ट असतील असे मला मुळीच वाटत नाही. कदाचित त्यांना असेच वाटले असेल की, आपण यांना बोलावले, मानाने निमंत्रण धाडले, यातच आपले औदार्य दिसून आले. पंगत वेगळी मांडताना तेथे काही निर्णय होत आहे असेही त्यांना जाणवले नसेल. पूर्वग्रहाची दुसरी खूण ही. तो रागाने ओरडत येत नाही. घरातल्या जुन्या सवयीप्रमाणे तो गुपचूप पाट मांडून जातो.

त्यानंतर लगेचच, १ जानेवारी १९३८ रोजी, नागपुरातील दलित स्त्रियांनी सभा भरवून या वागणुकीचा निषेध केला. आणि साडेचार वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरातच मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. सुमारे पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते आणि समाजाची प्रगती मी त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा आशयाचे उद्गार त्यांनी तेथे काढले. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामकरी स्त्रियांना भरपगारी रजा आणि निवृत्तिवेतन, अशा मागण्यांचे ठराव त्या परिषदेत झाले. हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला, हे आठवले म्हणजे या ठरावांचे मोल कळते. पाच वर्षांपूर्वी ज्यांना वेगळ्या पंक्तीत बसविले, त्यांच्याकडून शिकण्यासारखे केवढे होते! एका पंक्तीने दोन्ही बाजूंचे नुकसान केले. परंतु अपमान मात्र एकाच बाजूला सोसावा लागला.

तिसरे उदाहरण सांगताना हात जड होतो. तरी ते टाळता येत नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद होती. तिचे वय चौदा ते सोळा वर्षांचे. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली तो निकाल फिरविला आणि त्यांना शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायमूर्तींनी ओळखले होते. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, ही कारणे त्यात महत्त्वाची मानली गेली.

रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, समोर गणवेशातले पोलीस आणि एक अनाथ, गरीब मुलगी. ती ओरडली नाही यावरून तिची संमती होती असे अनुमान काढावयाचे, तर खरी स्त्री अशा वेळी ओरडतेच, झगडतेच, असे एक चित्र आधीच मनात असावे लागते. त्या चित्रात ही मुलगी बसली नाही. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहून त्या निकालावर आक्षेप घेतला. देशभर स्त्रियांनी मोर्चे काढले. नागपुरात सीमाताई साखरे यांनी हा प्रश्न हाती घेतला. अखेर १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी झालेल्या अत्याचारात, संबंध झाल्याचे सिद्ध झाले असून स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तिचे म्हणणे गृहीत धरावे, अशी तरतूद त्यात आली.

कायदा बदलला ही मोठी गोष्ट झाली. पण देशातील विद्वान न्यायाधीशही आपल्या मनातील चित्रापुढे असे अडखळतात, तेथे तुमची-आमची काय कथा, हा प्रश्न उरतोच. तेव्हा आता मनाचे हे यंत्र चालते कसे, ते थोडे पाहू.

इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन याने १६२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एक जुनी गोष्ट दिली आहे. समुद्रात जहाज फुटले असता नवस बोलून जे वाचले, त्यांची चित्रे एका देवळात टांगलेली होती. ती दाखवून एकाने मित्राला विचारले, “आता तरी देवाची शक्ती पटली ना?” मित्र म्हणाला, “नवस बोलूनही जे बुडाले, त्यांची चित्रे कोठे आहेत?” यात कोणाच्या श्रद्धेला धक्का देण्याचा माझा हेतू नाही, नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला मीही पहाटेच्या रांगेत उभी असते. प्रश्न आहे तो मोजणीचा. आपल्या समजुतीला जुळणारे दाखले मन भिंतीवर टांगून ठेवते. न जुळणारे पाण्यात बुडू देते. एखाद्या सुनेविषयी आपला ग्रह झाला, म्हणजे तिने करपविलेली एक पोळी दहा वर्षे आठवते. न करपविलेल्या हजारो पोळ्या कोणी मोजीत नाही.

इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना दोन, चार, सहा असे तीन आकडे द्यावयाचे आणि सांगावयाचे की, हे एका नियमाने घेतले आहेत. तुम्ही आणखी आकडे सुचवून नियम ओळखा. बहुतेकजण आठ, दहा, बारा असे आकडे सुचवीत. “बरोबर” असे उत्तर आले की, दोन-दोनने वाढणारे आकडे हा नियम सापडला, असे खुशाल सांगून मोकळे होत. खरा नियम एवढाच होता की, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा असावा. एक, सात, तीस असे आकडेही चालले असते. पण ते सुचवावयास फारसे कोणी जाईना. कारण आपली कल्पना चूक ठरते काय हे पाहण्याऐवजी ती बरोबर कशी हेच ते पडताळीत होते. मी हा खेळ शाळेत दरवर्षी नव्या वर्गाबरोबर खेळत असे. पहिल्या बाकावरची हुशार मुले बहुधा सर्वांत आधी फसत. त्यांना उत्तर सापडल्याची घाई असे.

आणखी एक शोध आपल्या विशेष उपयोगाचा आहे. एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लोकांना निरनिराळे पूर्वग्रह समजावून सांगितले आणि विचारले की, हे दोष सर्वसामान्य माणसात किती असतात आणि तुमच्यात किती आहेत? लोकांनी उत्तर दिले की, इतरांत पुष्कळ आहेत, आमच्यात त्या मानाने कमी. हा शोधनिबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. डोळ्याला सर्व काही दिसते, डोळा मात्र दिसत नाही, तशातला हा प्रकार. नागपूरच्या त्या पंक्तीचे मर्म मला येथे उलगडले. पुरुषांचा पूर्वग्रह स्पष्ट दिसणाऱ्या स्त्रियांना आपला स्वतःचा दिसला नाही. कारण तो पाहण्यासाठी बाहेर नव्हे, आत वळावे लागते.

आता मी आत वळते.

आपले कोराडी म्हणजे मुळात देवीचे आणि तलावाचे गाव. १९७४ साली येथे औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले आणि ठिकठिकाणचे लोक पोटासाठी येथे आले. मी लग्न होऊन १९७८ साली आले. तेव्हापासून पाहते आहे की, गाव एक असले तरी बोलण्यात तीन आहेत: वसाहतीतले, गावातले आणि झोपड्यांतले. आपले मंडळ या तिघांनाही खुले आहे, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो.

२०१७ च्या श्रावणात बचत गटाच्या कर्ज समितीची बैठक झाली. समितीत आम्ही तिघी होतो आणि वही मी लिहीत होते. त्या दिवशी दोन अर्ज होते. एक कंत्राटी कामगारांच्या झोपड्यांत राहणाऱ्या एका सभासद बाईचा. नवरात्रात देवळाच्या वाटेवर नारळ, ओटी आणि फुले विकण्याचे दुकान मांडण्यासाठी तिला आठ हजार रुपये हवे होते. दुसरा अर्ज वसाहतीतल्या एका भगिनीचा. स्वयंपाकघराचा ओटा नवा करण्यासाठी वीस हजारांचा. पहिल्या अर्जापुढे मी लिहिले: “नामंजूर. परतफेडीची खात्री वाटत नाही.” दुसऱ्यापुढे लिहिले: “मंजूर. घर चांगले आहे.”

याच त्या दोन ओळी.

या खेपेस वह्या उघड्या होत्या म्हणून मी मागील पाने उलटली. झोपडीतल्या त्या बाईने सलग चाळीस महिने आपली बचत भरली होती. एकही हप्ता चुकविला नव्हता. दुसऱ्या भगिनीचे त्याच काळात पाच हप्ते उशिरा आलेले होते. पुढची पाने उलटली. दहा महिन्यांत फेडावयाचे वीस हजार सव्वीस महिन्यांत फिटले, आणि तेही अनेकदा आठवण दिल्यावर. ही सारी माहिती त्या बैठकीच्या दिवशी, निदान मागची तरी, माझ्या मांडीवरच्या वहीत होती. मी पान उलटले नाही. मला उलटण्याची गरजच वाटली नाही. कारण निकाल आधीच लागलेला होता. या दोघींना मी एखाद्या परीक्षेत गुण दिले असते तर जो अन्याय झाला असता, तोच मी केला.

आणि मी म्हणते की, त्या दिवशी माझ्या मनात कोणाविषयी तिरस्कार नव्हता. मी त्या बाईशी नेहमी गोडच बोलत असे. मंडळाच्या सभेत ती मागे, दाराजवळ सतरंजीवर बसे. तिला मागे बस असे कोणीही कधी म्हटले नव्हते. पण पुढे खुर्चीवर येऊन बस असेही कोणी म्हटले नव्हते, मीही नाही. १९३७ च्या पंक्तीविषयी वर्गात तावातावाने बोलणारी मी, माझ्यासमोरची ही पंगत मला दिसली नाही.

तिने दुकान मांडलेच. पण पैसे सावकाराकडून, दरमहा शेकडा पाच व्याजाने घेतले. त्या दिवाळीत ती आपली बचत काढून घेऊन गटातून बाहेर पडली. आम्ही म्हणालो, “बघा, टिकली नाही.” ही पूर्वग्रहाची तिसरी खूण. आपणच एखाद्याला बाहेर ढकलावे आणि तो बाहेर गेला यावरून आपले म्हणणे खरे ठरवावे.

वही वाचल्यावर मी देवळाच्या वाटेवरच्या तिच्या दुकानी गेले. दुकान आता बारमाही झाले आहे. झाली चूक मी तिला सांगितली. ती फुलांची पुडी बांधीत होती. म्हणाली, “बाई, तुमी वही पाह्यलीच नाही. माह्या घराकडे पाहून ठरवलं.” मी म्हणाले, “होय, तसेच झाले.” ती म्हणाली, “मले तवाच समजलं होतं. बोलून का फायदा होता?” मी एक नारळ घेतला. तिने पैसे मोजून घेतले. मंडळात परत ये असे मी म्हटले, तेव्हा ती काही बोलली नाही. पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

हे सारे स्मरणिकेत लिहावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. वर्धापनदिनी गोड बोलावे हा रिवाज. पण मंडळाचा इतिहास लिहा असे मला सांगितले होते आणि हाही मंडळाचा इतिहासच आहे. तो माझ्या हस्ताक्षरात आहे, म्हणून तो सांगण्याचा अधिकारही माझाच.

उपाय काय? मन शुद्ध करा असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु मनाचा डोळा मनाला पाहू शकत नाही असे एकदा मान्य केले, म्हणजे केवळ चांगल्या हेतूवर विसंबून चालत नाही. रीत बदलावी लागते. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्या शिक्षकांवर अविश्वास म्हणून नव्हे. शिक्षकही माणूसच आहे म्हणून. शाळेतल्या घटक चाचण्यांवर नावे असत. हुशार मुलीच्या पेपरातील चूक मला “घाईत झालेली” वाटे आणि मागच्या बाकावरच्या मुलाची तीच चूक “न समजल्यामुळे झालेली” वाटे, हे मी आज कबूल करते. परदेशातील मोठ्या वाद्यवृंदांनीही वादक निवडताना त्यांना पडद्याआड बसवून केवळ वादन ऐकण्याची प्रथा याच कारणासाठी घातली.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. तो भगिनींनी आधीच वाचलेला बरा. कर्जाचा अर्ज समितीपुढे ठेवताना त्यावर नाव आणि पत्ता नसावा, केवळ क्रमांक असावा. सोबत त्या सभासदाची मागील दोन वर्षांची बचतीची आणि परतफेडीची नोंद असावी. अर्ज नामंजूर झाल्यास कारण वहीत लिहावे आणि ते कारण नोंदीतून दाखविता आले पाहिजे. “खात्री वाटत नाही” असे लिहून चालणार नाही. लहान मंडळ आहे, हस्ताक्षरावरून वा रकमेवरून नाव ओळखू येईल, असा आक्षेप काहीजणी घेतील. तो खरा आहे. पण नाव ओळखू आले तरी नोंद समोर असेल आणि पान उलटल्यावाचून निकाल लिहिता येणार नाही, एवढे तरी साधेल. आणि सभेत खुर्च्या आणि सतरंजी असे दोन भाग न ठेवता सर्वांनी एकाच बिछायतीवर बसावे, अशीही माझी विनंती आहे. माझे गुडघे दुखतात, तरी मी बसेन.

ठराव मंजूर होवो वा न होवो, एक गोष्ट मी ठरविली आहे. ती २०१७ ची वही मी कपाटात परत ठेवते आहे, आणि त्या दोन ओळी खोडलेल्या नाहीत. पुढे जी कोणी मंडळाचा इतिहास लिहील, तिला त्या दिसाव्यात. त्यांच्याखाली मी आजची तारीख घालून एक ओळ लिहिली आहे: “नोंद न पाहता निर्णय घेतला. चूक माझी.”